गच्चीवरचे लाल कोळी

माझ्या मामाला इंदालेसिओ या नावाने हाक मारणारी माणसं गावात दोनच, माझी आई आणि चर्चमधले पाद्री. बाकी सगळ्यांसाठी तो 'किडेवाला'. हे नाव त्याला चिडवायला ठेवलेलं होतं, पण पुढे तो ते बिल्ल्यासारखं छातीवर मिरवायला लागला.

स्पेनच्या दक्षिणेला, आमच्या आल्मेरियात, डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत प्लॅस्टिकखालची शेती आहे. मामा एकोणतीस वर्षांचा असताना पाठीवर पंप घेऊन मिरच्यांवर फवारणी करत होता आणि दोन ओळींच्या मधे आडवा पडला. तोंडाला रुमाल बांधला की झाली काळजी, असा तो काळ. तीन दिवस तो इस्पितळात होता. बाहेर आला तो शपथ घेऊनच, की पुन्हा पंपाला हात लावणार नाही. नंतर सहकारी संस्थेने किडी खाणारे किडे आणायला सुरुवात केली, तेव्हा ते आपल्या शेतात सोडणारा पहिला माणूस तोच. लोक म्हणाले, "आपण किडे मारायला पैसे मोजतो, हा किडे विकत घेतोय!" पण एका वर्षी उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांनी औषधाचा अंश सापडला म्हणून मिरच्या नाकारल्या, आणि हसणारे सगळे मामाच्या दारात रांगेत उभे राहिले.

तेव्हापासून त्याच्या गळ्यात भिंग आलं. कुणाच्याही शेतात शिरायचं, पान उलटायचं, भिंगातून बघायचं आणि निकाल द्यायचा. दर ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या सभागृहात त्याचं भाषण असे. माणूस हाडाचा प्रामाणिक, पण जिभेवर लगाम नाही. एकदा भरल्या सभागृहात त्याने हिनेसला उभं केलं. हिनेस आमच्या वरच्या रस्त्यावरचा, एका पायाने किंचित लंगडणारा, अबोल शेतकरी. तो अजून औषध फवारायचा.

"हिनेस, तुझ्या मिरच्या तुझ्या नातीला खायला घालशील का रे? खरं सांग, सगळ्यांसमोर सांग!"

 हिनेसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तो खाली बसला. पुढे कित्येक वर्षं तो त्या भाषणांना आला नाही. मी तिथे होते आणि इतरांबरोबर मीही हसले होते.

माझी आई विर्तुदेस मामापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिला नसांचा आजार आहे. पाय लाकडासारखे ताठ होतात आणि पोटऱ्यांत असे गोळे येतात की ती चादर दातात धरते. डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या की ती दिवसभर झोपून राही. कुणीतरी गांजाचं सुचवलं. पहिल्या वर्षी कुठल्याशा अनोळखी माणसाकडून आणला, तो बुरशीचा निघाला. आई म्हणाली, "मी शेतकऱ्याची पोर. मला लागेल ते मी लावीन." गच्चीवर चार कुंड्या आल्या. चारही बाजूंनी बोरूच्या तट्ट्या बांधल्या, म्हणजे रस्त्यावरून काही दिसणार नाही. घरच्या घरी, स्वतःपुरतं आणि कुणाच्या नजरेला न पडेल असं असलं, की आमच्याकडे कुणी त्रास देत नाही. आईला जिना चढवत नव्हता, म्हणून झाडं बघायचं काम मामाकडे. शरद ऋतूत फुलं कापून सावलीत वाळवायची, बरण्यांत भरायची. दुपारी जेवण झालं की आई एका छोट्या यंत्रातून वाफ ओढायची. पाव तासाने म्हणायची, "सुटले गं पाय." मग आम्ही कॉफी प्यायचो.

मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "या गच्चीवर विषाचा एक थेंब आलेला नाही. आणि ही तर छातीत ओढायची वस्तू!"

चार वर्षांपूर्वीच्या जुलैच्या शेवटी पानांवर ठिपके दिसले. सुईने टोचल्यासारखे, फिकट पिवळे. मामाने पान उलटून भिंग लावलं. लाल कोळी. मिठाच्या कणाहून लहान, पानाच्या खालच्या बाजूने रस शोषणारे, आणि उकाड्यात आठवड्याभरात दुप्पट-तिप्पट होणारे. त्यात नवल काही नव्हतं, उन्हाळा कोरडा होता. मामाने करायचं ते सगळं केलं. रोज पहाटे पानं खालून पाण्याने धुतली. ऊन उतरल्यावर पोटॅशचा साबण फवारला. खालची वाईट पानं कापून पिशवीत बांधून टाकली. लाल कोळ्यांना कोरडी हवा मानवते, म्हणून गच्चीची फरशी दिवसातून तीनदा ओली केली. आणि संस्थेत सांगून मित्रकोळ्यांची बाटली मागवली. हे मित्रकोळी जातीने कोळीच, पण लाल कोळ्यांची अंडी-पिल्लं खाऊन जगणारे. भुशात मिसळून बाटलीतून येतात, हजारोंनी. त्यांना फक्त दोन गोष्टी सोसत नाहीत, कोरडेपणा आणि फार ऊन.

बाटली गुरुवारी आली. मामाने ती गाडीत ठेवली, आणि सरळ घरी यायच्या ऐवजी कोपऱ्यावरच्या बारमध्ये शिरला. तिथे मुर्सियाहून दोन कृषितज्ज्ञ आले होते. कुणीतरी ओळख करून दिली, "हे आमचे किडेवाले." मग काय! एक बिअर, तिच्याबरोबर तळलेली मासळी, दुसरी बिअर, एकोणतिसाव्या वर्षापासूनची सगळी गोष्ट. गाडी बाहेर उन्हात. परत आला तेव्हा बाटलीच्या आतून वाफ धरली होती. त्याने चिमूटभर भुसा तळहातावर घेऊन भिंगातून पाहिलं. एकही हलत नव्हता.

हे त्याने नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्या दिवशी तो घरी आला, जिना चढला आणि मेलेले कोळी चारही झाडांवर व्यवस्थित शिंपडून खाली उतरला.

"काय रे, सोडलेस का तुझे शिपाई?" आईने विचारलं.

"सोडले. दहा दिवसांनी एक लाल कोळी सापडला तर नाव बदलीन."

दुसरी बाटली मागवता आली असती. पण मागवायची तर पहिलीचं काय झालं, हे संस्थेत सांगावं लागलं असतं. कारण एवढंच. मला ते आठवलं की अजून राग येतो आणि लगेच वाटतं, मी तरी काय वेगळं केलं असतं?

ऑगस्टमध्ये डोंगराकडून भाजका वारा सुटला. फुलं धरायला लागली होती आणि शेंड्यांवर बारीक जाळं चढलं. आता साबण मारता येईना, कारण फुलांत अडकलेला साबण निघत नाही. नवीन मित्रकोळी सोडायला उशीर झालेला. मामा दिवसातून चारदा वर जायचा. आई खालून हाका मारायची, "एक पान तरी आणून दाखव रे!" तो एका शाबूत फांदीचं हिरवंगार पान आणून दाखवायचा. आई ते बोटांत चोळून वास घ्यायची आणि म्हणायची, "छान आहेत की."

एका दुपारी गाव झोपलेलं असताना तो हिनेसच्या शेडवर गेला. हिनेस पेट्या रचत बसला होता.

"हिनेस, कोळ्यांचं औषध असेल का थोडं?"

हिनेसने आधी मान वर केली, मग हातातली पेटी खाली ठेवली. "तुला?"

"वांगी लावलीत मागच्या अंगणात. चार रोपं. उगाच किडे कशाला मागवू?"

"वांगीच ना? विर्तुदेसच्या झाडांना नको हां घालूस. ती ते ओढते. खायच्या वस्तूचं वेगळं, ओढायच्या वस्तूचं वेगळं."

"मला शिकवतोस?" मामा म्हणाला.

हिनेसने छोट्या बाटलीत औषध ओतून दिलं, किती पाण्यात किती थेंब आणि नंतर किती दिवस थांबायचं ते कागदावर लिहून दिलं. टोमणा मारायची एवढी संधी होती, पण त्याने ती घेतली नाही. "जा, उन्हात उभा राहू नकोस," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मामाने फवारलं. त्या सकाळी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. मी वीस वर्षं भाजीच्या पेट्या भरायच्या कारखान्यात काम करते. औषधाचा वास मला झोपेतही ओळखता येईल. तट्ट्यांच्या आत तोच वास होता. मामा पाठमोरा उभा राहून कुंडीतली माती उगाचच उकरत होता.

"लवकर आलास, मामा."

"उकाडा. झोप येत नाही."

मी कपडे घेऊन खाली आले आणि ते पुन्हा धुतले. मला विचारायचं नव्हतं. मामाने फवारणी केली असं मनात आणलं असतं तर पुढे बरंच काही बोलावं लागलं असतं. हिनेसच्या शेतातून वाऱ्याने आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वारा त्या दिवशी पडलेला होता.

चार दिवसांत झाडं स्वच्छ झाली. शेजारणी जिना चढून बघून गेल्या. आई खुर्चीत बसून सगळ्यांना सांगायची, "माझ्या भावाचे किडे! औषध नाही, काही नाही." मामा तेव्हा स्वयंपाकघरात पाणी प्यायला निघून जायचा. आम्हाला वाटलं, म्हातारपणी विनय आला.

ऑक्टोबरमध्ये फुलं कापली, वाळवली. आईने नेहमीसारखी दुपारची वाफ सुरू केली. पाय सुटायचे, पण घसा खवखवायचा. कारण तेच होतं की दुसरं काही, हे आजही कुणाला छातीठोक सांगता येणार नाही. मामा रोज आमच्याकडे जेवायला असायचा. आई खोकली की त्याचा घास हातातच राहायचा.

त्या दिवसांत रोसेंदाची कॅन्सरची उपचारफेरी चालू होती. रोसेंदा आईची कारखान्यातली जुनी मैत्रीण. दोघींनी पंचवीस वर्षं एका पट्ट्यावर उभं राहून टोमॅटो निवडले. तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आईने सर्वांत चांगली बरणी निवडली, कापडात गुंडाळली आणि मला म्हणाली, "आरासेली, रोसेंदाला देऊन ये. म्हणावं, बिनविषाचं आहे, निर्धास्त घे."

मी देऊन आले. जेवताना आई ते मामाला सांगत होती. मामाने चमचा ठेवला आणि टोपी न घेताच बाहेर पडला.

रोसेंदाच्या दारात त्याने बरणी परत मागितली. म्हणाला, "ओल राहिलीय, बुरशी धरेल."

रोसेंदाने डोक्याला बांधलेला रुमाल सारखा केला, बरणी उजेडात धरून फिरवून पाहिली. "मी आयुष्यभर माल निवडलाय रे. बुरशी मला दिसते. बहिणीचा हात आखडला असेल तर तसं सरळ सांग ना. मरणाऱ्या बाईच्या दारात येऊन खोटं कशाला?"

 शेवटी तो बरणी घेऊन निघाला, पण खरं काही त्याच्या तोंडून फुटलं नाही. तो घरी पोचायच्या आत रोसेंदाचा आईला फोन आला होता. "दिलेलं परत मागवायची रीत कधीपासून गं तुमच्यात?"

मामा आला तेव्हा आई फोन मांडीवर ठेवून बसली होती. मी भांडी विसळत होते.

"बस," आई म्हणाली.

तो बसला नाही. बरणी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बार, बाटली, मेलेले कोळी, हिनेस, वांगी. सांगताना तो आईकडे बघत नव्हता, मेणकापडावरच्या लिंबांच्या चित्रांकडे बघत होता. मी नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

आईने बरणी स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "किती दिवस झाले मी हे ओढतेय?"

"अकरा."

"अकरा दिवस तू रोज या टेबलावर जेवलास."

"हो."

"भात वाढून घेतलास. दोनदा."

मामा रडायला लागला. एकोणतिसाव्या वर्षी विषाने पडला तेव्हासुद्धा तो रडला नव्हता म्हणे.

"रोसेंदाने ओढलं?"

"नाही. झाकण तसंच आहे."

"हिनेसला ठाऊक होतं?"

"नाही. त्याने विचारलं होतं. मी वांगी सांगितली."

"मग आधी त्याच्याकडे जा. त्याला बाहेरून कळता कामा नये."

मीच गाडी काढली. वाटेत मामा एकच वाक्य बोलला, "तू आत येऊ नकोस." पण शेडला दार नव्हतं, मला सगळं दिसत होतं. हिनेस उपड्या पेटीवर बसला. "मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "अरे, मी विचारलं होतं तुला." तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, जुनं उकरून काढलं असतं, तर मामाला सोपं गेलं असतं. हिनेस आपल्या हातांकडे बघत बसून राहिला. संध्याकाळी तो टोपी काढून आमच्या दारात आला आणि आईची क्षमा मागितली. म्हणाला, "बाटली माझी होती, विर्तुदेस." मामा तेव्हा आमच्याच ओट्यावर होता. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे कधीतरी तो मला म्हणाला, "आयुष्यात मला कुणी एवढं मारलेलं नाही."

डॉक्टरांना आम्ही सगळं सांगितलं, औषधाचं नाव दाखवलं. त्यांनी छाती तपासली, फोटो काढला. काही सापडलं नाही. वापर बंद करा, लक्ष ठेवा, म्हणाले. चारही झाडांचा माल आम्ही पिशव्यांत बांधून फेकला. रोसेंदाला मी खरं सांगून आले. तिने ऐकून घेतलं, आणि हातातली जपमाळ थांबवून विचारलं, "आणि मला बुरशी सांगत होता?" बाकी कशापेक्षा तेच तिला लागलं.

त्या वर्षीचं भाषण मामाने रद्द केलं नाही. सभागृहात उभा राहिला, भिंग गळ्यात नव्हतं. जे झालं ते दहा मिनिटांत सांगितलं. मागून कुणीतरी फस्सकन हसलं, "किडेवाला औषधवाला झाला!" हिनेस शेवटच्या रांगेत बसला होता. तो बाजूला वळला आणि त्या हसणाऱ्याकडे बघत राहिला, ते हसू थांबेपर्यंत. टाळ्या वाजल्या नाहीत. एका तरण्या शेतकरणीने हात वर केला. "बाटली उन्हात किती वेळ होती?"

"दीड तास."

"खिडक्या बंद?"

"बंद."

चार-पाच जणांनी ते लिहून घेतलं. मामा खाली उतरून मधल्या वाटेने चालत बाहेर गेला, आणि कुणी त्याचा खांदा थोपटला नाही.

तो हिवाळा आईला वाईट गेला. बाहेरून आणायला ती तयार नव्हती आणि गोळ्यांनी पुन्हा गुंगी यायची. मामा रोज दुपारी येऊन तिच्या पोटऱ्या चोळायचा. नाताळपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. नंतर बोलली ती एवढंच, "वर. अजून वर." जेवायला तो थांबत नसे. एकदा तो गेल्यावर मी आईला त्या सकाळच्या वासाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे. धुतलेले कपडे कुणी पुन्हा धुतं का? मला वाटलं तू सांगशील." त्यानंतर ती खिडकीकडे बघत राहिली, मी ताटं उचलली.

वसंतात मामाने विचारलं, "यंदा लावू का?" आई म्हणाली, "लाव. पण भिंग आरासेलीकडे." म्हणून आता दर रविवारी मी पानं उलटते. मेमध्येच, लाल कोळी दिसायच्या आधी, त्याने उन्हाला टिकणाऱ्या जातीच्या मित्रकोळ्यांच्या पुड्या फांद्यांना टांगल्या. बाटल्या-पुड्या आणायला मी जाते, त्या ओल्या पंच्यात गुंडाळून आणते, बारपाशी न थांबता. तरी ऑगस्टमध्ये एका झाडावर ठिपके आलेच. माझ्या आधी मामाला दिसले. तो जिना उतरून आला आणि दारातूनच म्हणाला, "विर्तु, आलेत. कडेच्या झाडावर."

"किती?"

"जाळं धरलंय. ते झाड गेलं समज."

"काढ मग. बाकीच्यांकडे बघ."

त्याने ते झाड मुळासकट उपटून पिशवीत घातलं. उरलेली तीन मित्रकोळ्यांनी राखली. आईची दुपारची कॉफी पुन्हा सुरू झाली, आणि मामा अधूनमधून जेवायला थांबतो. भात मात्र वाढून घेत नाही, मी वाढते.

रोसेंदा वाचली. तिचे केस पांढरे आणि कुरळे परत आलेत. रस्त्यात भेटली की माझा गाल ओढते, आईची विचारपूस करते. मामाचं नाव काढत नाही. त्याच्या घरून आमच्याकडे यायचा सरळ रस्ता तिच्या दारावरून जातो. तो वरून, हिनेसच्या शेतांना वळसा घालून येतो. चढ आहे, त्याला दम लागतो. मी एकदा म्हटलं, "मामा, आता सरळ ये ना."

"बरं आहे इकडून," तो म्हणाला, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून घाम पुसायला लागला.